न घेतलेलं माप

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, पण टेलर मास्तरांच्या घरी निदान कपड्यांच्या बाबतीत तरी तसं नव्हतं. मास्तरांची बायको त्या गल्लीतली सगळ्यात जाडी बाई होती, आणि तिच्या अंगावर कपडा असा बसायचा की बघणाऱ्याने बघत राहावं. कुठे काचत नाही, कुठे ताणत नाही, बाहीला चुणी नाही की पाठीला फुगा नाही. दुकानात येणाऱ्या बायका सांगायच्या, "मास्तर, मावशींना बसतो ना, तसा बसला पाहिजे हं." मास्तर गळ्यातल्या टेपची दोन टोकं सारखी करत नुसती मान हलवायचे. बोलायला पैसे पडतात अशी त्या माणसाची जन्माची समजूत होती.

गंमत अशी, की लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी या माणसाने बायकोच्या अंगाला एकदाही टेप लावली नव्हती. नवी नवरी घरात आली तेव्हा पहिला ड्रेस त्यांनी नुसत्या नजरेने बेतला, तो असा चपखल बसला की तीच पद्धत पडली. तिलाही त्याचा मोठा तोरा. "गिऱ्हाइकांची मापं घ्यावी लागतात, माझं यांच्या डोळ्यात आहे," असं ती जावेला ऐकवायची. जाऊ म्हणायची, "डोळ्यात मावतेस तोवर ठीक आहे बाई." या जावेच्या जिभेपुढे मास्तरांची कात्री बोथट होती.

घर म्हणजे दोन खोल्या. पुढे दुकान, मागे चूल आणि पलंग. खिडकीपाशी मास्तरांचं पायमशीन, आणि भिंतीला लागून तिची बैठक. बैठक सुताराकडून खास करून घेतलेली, रुंद आणि बुटकी, कारण साधी खुर्ची तिच्याखाली दोनदा मोडली होती. तिथे बसून ती तुरपाई करायची, काज-बटणं करायची, हुक लावायची. तिचा टाका इतका बारीक की उजेडात धरला तरी दिसू नये. उजव्या हाताला बटणांच्या बाटल्या, डाव्या हाताला बिस्किटांचा डबा. भूक लागायची म्हणून ती खायची असं नाही. हात कामात अडकलेले, तोंड मोकळं, लेक लग्न होऊन दूर गेलेली, नवरा मुका. डबा तेवढा सोबतीला. आणि रात्रीचं जेवण मात्र दोघांचं एकत्र, पोटभर, सावकाश. दिवसभरात दोघं जे काही बोलायची ते त्या ताटावरच.

अंग असं सुटत गेलं की कळलंच नाही. गुडघे बोलायला लागले, रक्तात साखर आली, झोपेत श्वास अडकायला लागला. मास्तर अर्धी रात्र जागे राहून तिला कोपराने ढोसायचे आणि ती घोरत घोरत पुन्हा श्वास घ्यायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, कमी खायला सांगितलं. तिने ऐकलंही, आठ-पंधरा दिवस. मग पहिले पाढे पंचावन्न.

तशात तिची ताई गेली. ताई तिच्याच अंगाची, तिच्याहून थोडी मोठी. दुपारी आरामखुर्चीत टेकली ती उठलीच नाही. तिला बाहेर काढताना दाराची चौकट उखडावी लागली. चार माणसं घामाघूम झाली, एकजण हळूच काहीतरी म्हणाला आणि दुसऱ्याला हसू आवरेना. मास्तरीणबाई भिंतीला टेकून ते सगळं बघत होती. रडू आलं नाही तिला. तिला लाज वाटली, ताईची आणि स्वतःची, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा लाज वाटली. मास्तर चौकटीचे खिळे काढायला मदत करत होते. काढलेला एकेक खिळा ते खिशात टाकत होते.

त्या रात्री लेकीचा फोन आला. "आई, मावशी गेली. आता तुझं काय करायचं ते सांग."  लेकीने मोठ्या इस्पितळाचा पत्ता काढला, वेळ घेतली, आणि नवराबायको एका सकाळी जाऊन थडकली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी कागदावर पोटाची पिशवी काढली आणि पेनाने तिच्यातून उभी रेघ मारली. "हा एवढा मोठा भाग आम्ही दुर्बिणीतून कापून काढतो. उरते ती अशी लांब, अरुंद नळी. बाहीसारखी. म्हणून याला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. थोडं खाल्लं की पोट भरतं, आणि भूक चाळवणारा जो रस असतो तो बहुतेक त्या कापलेल्या भागातच तयार होतो, म्हणून भूकही उतरते."

बाही म्हटल्यावर मास्तर खुर्चीत पुढे सरकले. सकाळपासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"कापल्यावर शिवता कशाने?"

"टाचण्या मारणारं यंत्र असतं. कापणं आणि टाचणं एकदमच होतं."

"आत माया किती सोडता?"

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. तेव्हा बायकोने सांगितलं, शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. पुढेमागे अंग सुटलं तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो.

डॉक्टरीणबाई हसल्या. "नाही हो मास्तर. हे उसवता येत नाही. कापलं ते गेलं." मग त्यांनी हसू आवरलं आणि तिच्याकडे वळल्या. "पण एक आत्ताच सांगून ठेवते. आम्ही पोट लहान करतो, सवय नाही. दिवसभर गोड, मऊ, पातळ चरत राहिलात तर ती नळीही हळूहळू ताणते आणि वजन परत चढतं. तुमच्या हृदयाची अवस्था बघता मी दुसऱ्यांदा हात घालणार नाही. ही एकच खेप, असं धरून चाला."

मग वजन. तिने चपला काढल्या आणि काट्यावर उभी राहिली. नर्सने आकडा वाचला, एकशे अठ्ठेचाळीस.

"यंत्र बिघडलंय तुमचं," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. "हा ड्रेस बघा अंगावरचा. लेकीच्या लग्नातला आहे, सहा वर्षं झाली. तेव्हा मी एकशे दहाची होते. ड्रेस अजून तसाच बसतो. मग वजन वाढेल कसं?"

नर्स भली होती. तिने काटा शून्यावर आणला, पुन्हा उभं केलं. तोच आकडा. मास्तर तेवढा वेळ भिंतीवरच्या हाडांच्या सांगाड्याचं चित्र बघत उभे होते. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांची मान आणखी वळली.

घरी आल्या आल्या तिने तो राखाडी ड्रेस उतरवला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. हातच्या कांकणाला आरसा कशाला! शिवणीच्या बाजूने सुईच्या जुन्या भोकांच्या ओळी होत्या. एक ओळ, तिच्या बाहेर दुसरी, तिच्या बाहेर तिसरी. दोरा प्रत्येक वेळी नवा. जिथे माया संपली तिथे काखेखाली तशाच रंगाची उभी पट्टी जोडलेली, इतकी सफाईदार की सरळ बाजूने कोणाच्या बापाला कळली नसती. तिने कपाट उघडलं. सगळे कपडे तसेच.

"कधीपासून?"

मास्तर हातातला खडू बोटांत फिरवत राहिले.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय."

"तू त्या दिवशी रडलीस ना," ते म्हणाले. "लग्नाच्या आदल्या दिवशी. चेन लागेना म्हणून. आणि वहिनी म्हणाली होती, हिला दोन खुर्च्या लावा. तू दोन दिवस जेवली नाहीस. मला नाही बघवलं. मग तू झोपलीस की मी थोडं थोडं सोडायचो."

"सहा वर्षं?"

"तू खूश असायचीस."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, हा खडू घ्यावा आणि याच्या तोंडावर फेकून मारावा. पण त्याच वेळी दुसरंही काहीतरी तिला आतून खात होतं. हे कपडे धुवायची कोण? तीच. उलटे करून दोरीवर टाकायची कोण? तीच. गिऱ्हाइकाच्या कपड्यातला सुटलेला एक टाका तिला खोलीच्या पलीकडून दिसायचा, आणि स्वतःच्या काखेखालची पट्टी सहा वर्षांत दिसली नाही? दिसली असेल. नजर तिथे थांबली नसेल एवढंच. ज्याला बघायचं नसतं त्याच्या डोळ्यांत कोण तेल घालणार?

"मास्तर, तुम्ही मला आंधळं केलंत," ती म्हणाली. एरवी ती त्यांना अहो म्हणायची, मास्तर गिऱ्हाइकं म्हणायची. "ऐका आता. ऑपरेशन करून घेते मी. पण यापुढे मला विचारल्याशिवाय माझ्या कपड्याच्या शिवणीला हात लावायचा नाही. ताईची शपथ घ्या."

मास्तरांनी शपथ घेतली.

ऑपरेशन पार पडलं. पोटावर पाच लहान भोकं, त्यावर पट्ट्या. शुद्धीवर आली तेव्हा खांदा ठणकत होता. नर्स म्हणाली, पोटात भरलेल्या हवेने दुखतो, चाललं की जाईल. सलाईनचा दांडा ढकलत ती व्हरांड्यात चालली. दुसऱ्या दिवशी औषधाच्या इवल्या पेल्यातून पाणी मिळालं, एकेक घोट, मध्ये थांबून थांबून. घशाला कोरड पडलेली आणि पोट म्हणतंय बस. तो प्रकार तिला विचित्र वाटला. साऱ्या जन्मात तिच्या पोटाने बस म्हटलं नव्हतं.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. घरी आल्यावर आधी नुसतं पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. लेकीची लहानपणची वाटी माळ्यावरून काढली, तिच्यात तिचं जेवण मावायचं आणि उरायचं. अर्धं अंडं खाल्लं की छातीत दगड बसल्यासारखं व्हायचं. घाई केली की उलटी. जेवताना पाणी प्यायचं नाही, प्यायचं तर नंतर. गोळ्या जन्मभर. काही महिन्यांनी केस गळायला लागले, कंगव्यात गुंतवळ यायचं ते ती चिंध्यांच्या पोत्यात टाकायची. पण वजन उतरलं. साखर उतरली. रात्री श्वास अडकेना. मास्तर तरीही जागेच राहायचे, सवयीने. घोरणं ऐकू येईना म्हणून घाबरून तिच्या नाकापाशी हात धरायचे.

एक गोष्ट मात्र कायमची मोडली, ती म्हणजे रात्रीचं ताट. तिच्यासमोर पोटभर खायला मास्तरांना अपराध्यासारखं वाटायचं. ते आपलं ताट घेऊन पुढच्या दुकानात जायचे आणि मशीनकडे तोंड करून भराभर जेवून यायचे. ती मागच्या खोलीत वाटी घेऊन बसायची. दोन घास खायला किती वेळ लागणार? मग रिकाम्या वाटीकडे बघत राहायची. जे काही बोलायचं ते ताटावर, आणि ताटच उरलं नाही. जाऊ येऊन बघून गेली आणि म्हणाली, "आता वारा सुटला की हिला धरून ठेवा भाऊजी." जाडीला हसणारी माणसं बारीक झाल्यावर गप्प बसतील ही आशा मास्तरीणबाईने तेव्हाच सोडली.

कपडे अंगावर लोंबायला लागले. दंडाची कातडीही, उशीच्या सैल अभ्र्यासारखी. मास्तरांनी विचारलं, "हात लावू का आता?"

"लावा. पण टेप घेऊन."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. तिच्यासमोर उभे राहिले. परक्या बायकांची मापं घेताना कधी न अडखळलेला हात बायकोपाशी येऊन थांबला, आणि त्यांनी टेप पुन्हा गळ्यात अडकवली. "नजरेनेच करतो," म्हणाले. केलं, आणि बसलेही कपडे, वादच नाही. पण तिने निळा ड्रेस हातात घेतला तर तो जड लागला. उलटा केला. एवढंसं कापडही छाटलेलं नव्हतं. सगळंच्या सगळं आत दुमडून ठेवलेलं.

"हे कापलं का नाहीत?"

"चांगलं कापड आहे. शिंपी उगाच कात्री नाही लावत. पुढेमागे लागलं तर..." आणि ते थांबले.

शिंप्याची रीतच ती, हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिला फार वाईट वाटलं. मी पुन्हा फुगणार हे या माणसाने धरूनच ठेवलंय, असं तिच्या मनाने घेतलं. तेव्हा ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पहिलं वर्ष गेलं. वजन उतरायचं थांबलं, लोकांचं कौतुकही थांबलं. उरलं ते तेच दुकान, तीच बैठक, तिला आता फार रुंद झालेली, आणि तोच मुका नवरा. आणि एक उदासी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, मन कसं आहे? ती म्हणाली होती, ठीक आहे. एवढी चिरफाड करून घेतली, आता मनाचं रडगाणं कोणत्या तोंडाने गायचं, असं तिला वाटलं. एका दुपारी तुरपाई करता करता तिने चहात एक बिस्किट बुडवलं. अंडं अडायचं, मांस अडायचं, पण भिजलेलं बिस्किट असं सरकलं की पोटाला पत्ताच लागला नाही. मग दुसऱ्या दिवशी दोन. डबा पुन्हा डाव्या हाताला आला.

ती काही अगदीच बेसावध नव्हती. तिने स्वतःपुरता एक काटा ठरवला होता, तो म्हणजे निळा ड्रेस. अधूनमधून तो घालून बघायची. इस्पितळातलं यंत्र काय, बिघडूही शकतं. कपडा खोटं बोलत नाही. शिंप्याच्या घरात राहून बाई हे म्हणत होती!

थंडीत एकदा निळा काखेत काचला. चेन लागताना पोट आत ओढावं लागलं. ती आरशासमोर उभी राहिली. ताईची चौकट आठवली. तिने डबा उचलून माळ्यावर ठेवला. पुढचे आठ दिवस चहा कोरडा प्यायली, गल्लीच्या टोकापर्यंत चालून आली. आठवड्याने निळा पुन्हा घातला, आणि तो अलगद बसला.

"अहो!" ती धावतच दुकानात आली. "निळा सैल झाला बघा! मी म्हटलं नव्हतं, मनावर घेतलं की होतं!"

"हं," मास्तर म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला खाली वाकले. दोरा आधीच ओवलेला होता.

त्या आनंदात संध्याकाळी डबा खाली आला. पुढे निळा एकदा पुन्हा काचला आणि पुन्हा सैल झाला. आपल्याला हे तंत्र जमलंय असं तिला वाटायला लागलं. इस्पितळाची तारीख आली तशी गेली. ड्रेस बसतोय ना, मग कशाला उगाच हेलपाटा? शेवटी लेकच फोनवर रडली, तेव्हा एका सकाळी ती निळा घालून एकटीच निघाली. मास्तरांना लग्नसराईचं काम होतं. दारात उभे राहून ते म्हणाले, "राहू दे ना आज. पुढच्या आठवड्यात जाऊ." तिने लक्ष दिलं नाही.

नर्स तीच होती. काटाही तोच. मागच्या खेपेला ब्याण्णव होतं. आज एकशे अकरा.

या वेळी तिने यंत्राला नावं ठेवली नाहीत. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे आकडे बघितले, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी बघितली. मग म्हणाल्या, "साखर परत आली आहे. हृदयावर ताण दिसतोय. मावशी, एकोणीस किलो म्हणजे एका रात्रीत नाही वाढत. दहा किलोला आला असतात तर आपण सहज आवरलं असतं. तुम्हाला कळलं कसं नाही? कपडे घट्ट झाले असतील ना?"

 मास्तरीणबाईचा हात काखेखाली गेला होता. शिवण बोटांना लागली. जन्म टाके घालण्यात गेला होता तिचा. कोणता टाका जुना, कोणता परवाचा, हे तिच्या बोटांना सांगावं लागत नव्हतं. तिने बोट शिवणीवरून खालपर्यंत नेलं आणि हात मांडीवर ठेवला.

"आता?" तिने विचारलं.

"आता आजपासून. पण दर आठवड्याला खरं माप पाहिजे. त्यात चूक व्हायला जागा नाही राहिली."

दुपारी ती दुकानात शिरली, दाराचा पडदा ओढला आणि बैठकीवर बसली. मास्तरांनी पाय थांबवला. मशीन बंद झालं.

"एकशे अकरा," ती म्हणाली.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"बिस्किटं मी खाल्ली. ते तुमच्या माथी मारत नाही. पण तुम्ही शपथ घेतली होतीत. ताईची."

"तू निळा घालून आरशासमोर उभी होतीस," मास्तर म्हणाले. "मी दारातून बघितलं. तुझं तोंड... मला वाटलं, पुन्हा जेवण सोडशील. आता खातेस तरी किती. एकदाच सोडू म्हटलं, अर्धं बोट. मग तू इतकी हसत आलीस. किती महिन्यांनी हसलीस. मग सांगू कसं?"

"माझं तोंड बघवलं नाही. ताईचं बघितलं होतंत ना? खिळे काढताना?"

 ती उठली. कपाटातले आपले सगळे कपडे तिने कापायच्या टेबलावर आणून टाकले. मग अंगावरचा निळा उतरवला, घरातला झगा चढवला आणि निळा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"जुन्या भोकांवर घाला शिवण. ऑपरेशननंतर घातलीत त्या पहिल्या ओळीवर. तुम्हीच घाला."

मास्तरांनी शिवण उसवली आणि जुन्या ओळीवर नवी घातली. ती सरळ आली, त्यांची शिवण वाकडी कधी येतच नसे. ड्रेस परत देताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

टेबलावर मोठी कात्री होती. कोणत्याही टेलरच्या दुकानात मोठी कात्री एकट्या मास्तरांची. बायकोने, लेकीने, कारागिराने, कोणीही तिला हात लावायचा नाही. धार हाताला ओळखते असं मास्तर म्हणायचे, आणि तीस वर्षांत ती रीत मोडली नव्हती. तिने कात्री उचलली. निळा उलटा केला आणि शिवणीला लागून माया कापायला सुरुवात केली. काखेपासून कमरेपर्यंत, कमरेपासून खाली. मग दुसरी बाजू. मग राखाडी ड्रेस, तोही सगळ्यात आतल्या शिवणीपर्यंत, काखेच्या पट्टीसकट. मग बाकीचे. कात्री जड होती, तिच्या हाताला सवय नव्हती, अंगठ्याच्या मुळाशी फोड आला. मास्तर एकदा उठले आणि म्हणाले, "अगं, चांगलं कापड..." आणि पुन्हा खाली बसले. टेबलाखाली चिंध्यांचा ढीग साठला.

"कापलं ते गेलं," ती म्हणाली. "आता सोडायला तुमच्या हातात काही नाही."

तिने निळा पुन्हा घातला. चेन लागायला वेळ लागला. श्वास धरून, अंग आवळून, शेवटी ती लागली. मग ती टेबलापाशी येऊन दोन्ही हात बाजूला पसरून उभी राहिली, गिऱ्हाईक उभं राहतं तशी.

"टेप घ्या."

मास्तर उठले. टेप गळ्यातून काढली. तिच्या पाठीमागून फिरवून पुढे आणली आणि दोन टोकं पोटावर जुळवली. लग्नानंतर पहिल्यांदा ती टेप तिला लागत होती. मास्तरांची बोटं गार होती. ते वाकून आकड्याकडे बघत राहिले.

"बेचाळीस," ते म्हणाले.

तिने खाली बघितलं. त्यांच्या अंगठ्याखाली टेपचा जो आकडा झाकला होता तो बेचाळीस नव्हता. तिने त्यांचा अंगठा आपल्या हाताने बाजूला केला. ओरडली नाही, रागावलीही नाही.

"पुन्हा घ्या," ती म्हणाली. "मला मरायचं नाहीये हो."

मास्तरांनी टेप पुन्हा गुंडाळली. या वेळी अंगठा आकड्याच्या खाली धरला. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टेपवर पडलं, ते त्यांनी बाहीने पुसलं आणि आकडा मोठ्याने वाचला, गिऱ्हाइकाचा वाचतात तसा.

"शेहेचाळीस."

"शेहेचाळीस," ती म्हणाली. हात खाली घेतले, आपल्या बैठकीवर जाऊन बसली आणि अर्धवट राहिलेली तुरपाई मांडीवर घेतली. ड्रेस काखेत काचत होता. तिने तो रात्रीपर्यंत बदलला नाही.